डाव्या भुवईवरची खूण

सुलेमान, भर दुपारी दाराला आतून कडी घालून बसलोय. गल्लीतून सायकलची घंटी वाजली की हातातली पेन्सिल थांबते. पोलीस माणसाला न्यायला सायकलवरून येतात की पायी, हेसुद्धा मला माहीत नाही. चाळिशीला आलो, नाना तऱ्हेची कामं केली, पण पोलिसाशी बोलायची वेळ कधी आली नाही. बायकोला सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर मी निघोज्याला गेलोय म्हण. ती म्हणाली, "विचारणारा कुणाचं नाव घिऊन विचारंल? तुमचं का त्यांचं?" तिनं साधं विचारलं, पण मी उठून कडी पुन्हा चाचपली.

तुला जाऊन आज अकरावा दिवस. आज सकाळी कारखान्याच्या फाटकावर जे झालं, ज्यामुळं मला कामावरून घरी धाडलं, ते मी शेवटी सांगणार आहे. तुला गोष्ट पहिल्यापासून लागायची. मधूनच कुणी काही सांगायला लागलं की तू हात वर करायचास आणि म्हणायचास, "थांब, आधी कोण मेलं ते सांग." सगळे हसायचे. तर आधी कोण मेलं ते सांगतो. तू मेलास. चाकणच्या बाजारामागच्या तुझ्या खोलीत, शुक्रवारी सकाळी, खोकता खोकता. आणि त्याच सकाळी चिंचवड स्टेशनाजवळच्या सरबताच्या कारखान्यात हजेरीबाबूनं "सुलेमान बाबू पिंजारी" असं पुकारलं तेव्हा मी "हाजर" म्हणालो. गेली तीन वर्षं रोज म्हणत आलो तसंच.

तुझा मेहुणा उस्मान मला निरोप द्यायला बारा मैल सायकल मारत आला होता. आपला घोळ त्या बिचाऱ्याला कुठला माहीत असायला. त्यानं फाटकावर सांगितलं, निघोज्याच्या दत्तूला बोलवा, त्याचा जोडीदार गेलाय. वॉचमन आत जाऊन आला आणि म्हणाला, "दत्तू नावाचा हितं कुणी न्हाई." उस्माननं पुन्हा विचारलं. वॉचमननं पुन्हा तेच सांगितलं, आणि त्याचं काही चुकलं नाही. मी तेव्हा भिंतीपलीकडं, वीस हातांवर, बाटल्यांना ब्रश मारत होतो. उस्मान आला तसा परत गेला.

मला कळलं ते दिवस कलताना, कुरुळीच्या एका गाडीवानाकडून. मी पोचलो तोवर तुला पुरून सगळे घरी गेले होते. ओली माती, वर पाण्याचे ओघळ आणि दोन फुलं. तुमच्यात तीन मुठी माती टाकतात हे मला ठाऊक होतं, कारण तुझ्या वडिलांच्या वेळी तूच माझा हात धरून टाकायला लावली होतीस. मी तीन मुठी टाकल्या. भरलेल्या कबरीवर टाकलेली चालते की नाही, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. तुझं नाव पुकारलं गेलं. मी हाजर म्हणालो. यासाठी तू मला काय म्हणायचं ते म्हण. मला धीर झाला नाही, एवढंच खरं.

आपली ओळख कांद्याच्या पोत्याखाली झाली, आठवतंय? चाकणच्या बाजारात दोघं एकाच पोत्याला दोन्हीकडून भिडलो आणि पोतं कुणाचं यावरून भांडलो. मी सातवीच्या फायनलला गणितात उडालेला, घरची वाटणी होऊन हाती काही न उरलेला. तू पिंजाऱ्याचा पोरगा. बापाची ताणी, कापूस पिंजायचं ते धनुष्य, तू खांद्यावर घेतली नाहीस, कारण गाद्या पिंजून घेणारी घरं कमी व्हायला लागली होती. पण कमरेला कापसाचा एक बोळा कायम खोचलेला असायचा. कुणी विचारलं की म्हणायचास, "बापाची इस्टेट हाय."

मग काय काय केलं आपण. हमाली झाली. वीटभट्टीवर गारा तुडवला. रेल्वेच्या गँगमध्ये स्लीपर वाहिले, तिथं मला गाडीच्या आवाजाची अशी धास्ती बसली की दोन मैलांवर शिट्टी वाजली तरी मी रूळ सोडून पळायचो आणि मुकादम शिव्या घालायचा. लष्कराच्या छावणीत गवत कापलं. पिंपरीला निर्वासितांच्या बराकींना चुना मारला, डोळे आठवडाभर सुजले. कुठलंच काम आपलं नव्हतं. कुणी नाव विचारलं नाही, कुणाला लागलंही नाही. "ए लांबड्या" आणि "ए बुटक्या" एवढ्यावर आपलं पंधरा वर्षं भागलं. तेव्हा मला त्याची लाज वाटायची. आता वाटतं, किती सुखाचे दिवस होते ते.

विहिरी खणायचं काम मात्र मी अजून विसरत नाही. पहारीनं भोकं पाडायची, दारू ठासायची, वाती पेटवायच्या आणि पाटीत बसून वर यायचं. वर आल्यावर कान देऊन आवाज मोजायचे, कारण जेवढ्या वाती तेवढे आवाज झाले नाहीत तर एक सुरुंग खाली जिवंत आहे. त्या दिवशी सात वाती होत्या. मी सहा आवाज मोजले. तू म्हणालास सात, दोन एकदम झाले. मी म्हटलं सहा. मुकादम म्हणाला, ठरवा लवकर आणि उतरा. माझे पाय दोरापाशी जाईनात. खरं सांगतो, मला तेव्हा तुझी काळजी नव्हती, माझीच होती. तू माझ्याकडं बघितलंस, पाटीत पाय ठेवलास आणि म्हणालास, "सात व्हतं. बग आता." खाली जाऊन तू शीळ घातलीस. सातच होते. पुढं कित्येक वर्षं मी म्हणत राहिलो की सहाच ऐकू आले, आणि तू म्हणत राहिलास की तुझं गणित पहिल्यापासून कच्चं. ते भांडण तसंच राहिलं.

तुझा खोकला त्या विहिरींनी दिला. पहारीखालून उठणारी पांढरी धूळ तू वर्षानुवर्षं गिळलीस. मीही गिळली, पण मी फडकं बांधायचो. भित्रा होतो म्हणून बांधायचो. तू म्हणायचास, फडक्यात जीव गुदमरतो.

आणि खडी. मोशीच्या पुढं रस्त्याच्या कडेला बसून आपण खडी फोडत होतो तेव्हाची गोष्ट. तुझ्या हातोड्याखालून कपची उडाली आणि माझ्या डाव्या भुवईवर बसली. डोळ्यावर रक्ताची धार आली, मला वाटलं डोळा गेला. तू कमरेचा बोळा काढलास, काडी लावून जाळलास आणि ती काळी राख जखमेत दाबून धरलीस. मी बोंब मारत होतो आणि तू म्हणत होतास, "गप, गप, डोळा हाय तुजा, म्या बगितला." जखम भरली, पण आत राख राहिली. भुवईच्या वर काळी-निळी रेघ कायमची उमटली. बायको अजून म्हणते, सटवाईनं लिहायला घेतलं आणि मधेच उठून गेली.

ही रेघ पुढं काय करणार आहे हे तेव्हा कळलं असतं तर मी तो रस्ताच धरला नसता.

सरबताच्या कारखान्याचा पाया आपणच खणला. तो उभा राहिल्यावर खणणाऱ्यांतले काहीजण कायमचे घ्यायचे ठरले आणि मुकादमानं यादी दिली. तीत तुझं नाव होतं. मी त्या महिन्यात हिवतापानं निघोज्याला पडून होतो, म्हणून माझं नव्हतं. इतकं साधं आहे ते. कायमची नोकरी, डोक्यावर पत्रा, पायाखाली फरशी. तू धावत सांगायला आलास आणि सांगता सांगता खोकायला लागलास. तेव्हाच दोघांच्या मनात एकच गोष्ट आली. घेण्याआधी डॉक्टर छाती तपासणार होता. खाण्यापिण्याची वस्तू, खोकणारा माणूस बाटलीजवळ चालत नाही.

युक्ती कुणाची, हे आपलं दुसरं भांडण. सुरुवातीला दोघंही म्हणायचो, माझी. मग तुझा खोकला वाढत गेला तसे दोघंही म्हणायला लागलो, तुझी. मला आठवतं ते असं. आपण पवनेच्या काठी बसलो होतो आणि तू म्हणालास, "दत्तू, तू जा माझ्या जागी. छातीवर काय नाव लिवल्यालं असतंय व्हय?" मी हसलो. तपासणीपुरतं मी जायचं, दुसऱ्या दिवसापासून कामाला तू. कारखान्यात आपल्याला तोंडानं ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. मुकादम जादा मजुरीवर यादीतल्या बाकीच्यांनाही घेऊन दुसऱ्या कामावर गेला होता.

मी गेलो. डॉक्टरनं नळी लावली, श्वास घे म्हणाला, सोड म्हणाला, पाठ ठोकली. "छान," म्हणाला. कारकुनानं नाव विचारलं. मी तुझं सांगितलं, तुझ्या बापाचं सांगितलं. सही येते का म्हणाला. तुला येत नव्हती, म्हणून मी सही येत असून अंगठा दिला. तेवढी हुशारी केली. मग त्यानं मान वर करून माझ्याकडं क्षणभर निरखून बघितलं आणि कार्डावर काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, लिहीत असेल काहीतरी सरकारी.

बाहेर बाभळीखाली तू वाट बघत होतास. मी कार्ड वाचून दाखवायला घेतलं. नाव, बापाचं नाव, गाव, वय. आणि खाली एक ओळ. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर जखमेचा काळा व्रण.

मी ती ओळ दोनदा वाचली. तुला लगेच कळलं नाही. मी सांगितलं, फाटकावर रोज कार्ड बघतात, खूण बघतात. नाव तुझं असलं तरी खूण माझी लिहिलीय. तू बराच वेळ माझ्या कपाळाकडं बघत राहिलास. मग उठलास, एक धारेचा दगड उचललास आणि माझ्यासमोर मांडी घालून बसलास. म्हणालास, "हालू नगस, मला बगू दे कुटं हाय ती." मला वाटलं तू थट्टा करतोयस. तू माझ्या भुवईकडं नीट बघितलंस, डोळे मिटलेस आणि दगड मारून घेतलास. रक्त आलं. बोळा काढलास, जाळलास, राख दाबलीस, आणि इतक्या विश्वासानं हसून मला विचारलंस, "आली का तशीच?"

तशीच आली होती, सुलेमान. फक्त उजव्या भुवईवर. समोर बसून आरशात बघावं तसं तू बघितलंस, आणि माझं डावं तुझं उजवं झालं.

मी सांगितलं तेव्हा तू आधी माझी डावी बाजू बोटानं चाचपलीस, मग तुझी. मग खो खो हसलास, हसता हसता खोकलास, खोकता खोकता राखेबरोबर रक्त गालावर आलं. आणि तू पुन्हा दगड उचललास, डाव्या बाजूसाठी. तो मी हिसकावून घेतला. नदीच्या अंगाला लांब फेकून दिला.

एवढं एकच तुझ्याशी बोलायचं राहिलं. तू तुझ्या बायकोला, हमीदाभाभींना, सांगायचास की दत्तूला माझी कीव आली, म्हणून त्यानं दगड घेतला. मी कधी तुला खोडलं नाही. कीव होतीच. पण दगड हातात आला त्याच क्षणी माझ्या मनात हेही आलं की आता ही नोकरी मला. दोन्ही एकदमच आलं. त्या विहिरीतल्या आवाजांसारखं, एक मोजायचा की दोन, मला आजवर कळलेलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "मग दत्तूच जाईल." ते तू म्हणालास की मी, यावरही आपलं जमलं नाही.

मी तू होऊन कामाला लागलो. तीन वर्षांत एक सकाळ भीतीवाचून गेली नाही. फाटक दिसायला लागलं की मी खिशातलं कार्ड चाचपायचो. कुणी मागून "दत्तू" म्हटलं तर वळायचं नाही आणि "सुलेमान" म्हटलं की वळायचं, हे मी बायकोकडून हाका मारून घेऊन शिकलो. ईदला सुटी मिळायची ती घेऊन मी चाकणला तुझ्याकडं यायचो आणि हमीदाभाभींच्या हातच्या शेवया खायचो. दिवाळीत मात्र कामावर. बायको त्यावरून तीन वर्षं टोमणे मारत आली.

माझ्याबरोबर बाटल्या धुणारा मूलचंद निर्वासितांच्या छावणीतला होता. सिंधमध्ये त्याचं दुकान गेलं, भाऊ गेला. पहिले चार महिने तो माझ्याशी बोलला नाही. ब्रश हवा असला तर फळीवर ठेवायचा, हातात द्यायचा नाही. मग एक दिवस कढत पाण्याच्या टाकीपाशी दोघंच होतो तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, "तेरे लोग गये नहीं?" टाकीतून वाफ येत होती, त्याच्या हातात लोखंडी पकड होती. माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला. मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी तो नव्हेच. पण मी म्हणालो, "चाकणहून कुठं जाणार?" त्यानं पकड खाली ठेवून ब्रश माझ्या हातात दिला.

हे तुला सांगितलं तेव्हा तू अंथरुणावर उठून बसलास आणि हसलास. "एका दिसात घाम फुटला व्हय रं तुला? म्या ह्ये नाव घिऊन रोज बाजारात हिंडतोय." एवढंच म्हणालास. तुलाही कधी भीती वाटत असेल, हे पंधरा वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तुझा खोकला हाताबाहेर गेला तेव्हाचं सांगतो. कारखान्यात दर मंगळवारी डॉक्टर यायचा, कामगाराला औषध द्यायचा. त्या औषधावर तुझा हक्क, कार्ड तुझ्या नावाचं. पण तू तिथं पाऊल टाकू शकत नव्हतास, कारण तुझी खूण चुकीच्या भुवईवर. म्हणून मी गेलो. खोटं खोटं खोकलो, कमरेत वाकून खोकलो. डॉक्टरनं नळी लावली आणि म्हणाला, "छाती साफ आहे. काम टाळायचं असेल तर दुसरं काही शोध." तुझ्या नावाची छाती दोनदा तपासली गेली आणि दोन्ही वेळा माझी निघाली. मी हात हलवत परत आलो. मला आवडायचा म्हणून तू गूळ मागवून ठेवला होतास. तो मला तुझ्यासमोर बसून खाववला नाही.

सगळं खरं सांगून टाकतो, मी म्हणालो होतो त्या दिवशी. सांगतो आणि तुला डॉक्टरपुढं उभा करतो. तू म्हणालास, "मग दोगं बी आत जाऊ. तितं खोकायला तरी जागा असंल का?" आपण भांडलो. मी मोठ्यानं बोललो, पण तू अडवलंस तेव्हा आतून मला हायसं वाटलं. तेही तुला कळलं असणार. माझ्या तोंडावरचं तुला नेहमी वाचता यायचं, अक्षर येत नसून.

शेवटच्या भेटीत तू जे सांगितलंस त्यानं मी पुरता हललो. भाभी पाणी आणायला गेल्या होत्या. तू म्हणालास, "दत्तू, मला नोकरी नगं व्हती रं. त्या नळीतनं त्याला काय ऐकाया यील, त्याचं भ्या वाटत व्हतं. म्हनून तुला धाडला." आणि भिंतीकडं तोंड केलंस. जिवंत सुरुंगावर उतरून शीळ घालणारा माणूस एका नळीला भ्याला होता. मी म्हणायला हवं होतं की अरे, भिण्याचं काम माझ्याकडं होतं, तू कशाला ते अंगावर घेतलंस. घरी येताना वाटेत सुचलं.

गेल्या आठवड्यात हजेरीबाबूनं सांगितलं की सोमवारी फोटोवाला येणार. आता खुणेवर भागणार नाही, नव्या कार्डावर प्रत्येकाचा फोटो लागणार. भुवईवरची रेघ झाकता तरी येते. पण तुझ्या नावाखाली माझं तोंड एकदा चिकटलं की मी मरेपर्यंत सुलेमान, आणि दत्तू कुठंच नाही. आणि नाही चिकटवलं तर हातची नोकरी, घर, अब्रू, सगळंच गेलं. काल रविवार होता. मी चाकणला भाभींकडं गेलो. त्या काय म्हणतील याची भीती होती, पण त्यांना विचारल्यावाचून करायचं नाही एवढं ठरवलं होतं.

भाभी इद्दत पाळून आहेत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर येत नाहीत. दारावर गोणपाट लावलंय. मी पायरीवर बसलो, त्या आतून बोलत होत्या. मी फोटोचं सांगितलं.

"दत्तूभाऊ, परवा कुरुळीचा एक माणूस आला व्हता. तुमच्याच कारखान्यातला. दारात हुबा ऱ्हाऊन म्हनतो, कोण सुलेमान पिंजारी? त्यो तर काल सकाळी रांगेत माज्या म्होरं व्हता. गल्लीतल्या बाया माज्या तोंडाकडं बगाया लागल्या."

मी खाली मान घातली.

"माजा माणूस मेलाय आन ते लोकास्नी पटवायची पाळी माज्यावर आलीया. तुमी तितं रोज हाजर म्हनता, मी हितं इद्दत पाळते. दोनी खरं कसं असंल? मला निवांत रडू तरी द्या."

"भाभी, मला धरतील," मी म्हणालो. माझा आवाज माझाच मला ओळखू आला नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "धरतील बी."

त्यांनी मला धीर दिला नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. थोड्या वेळानं गोणपाटाखालून पाण्याचा तांब्या सरकवला. मी पाणी प्यालो आणि निघालो. येताना तुझ्या कबरीवरून आलो, पण थांबलो नाही. थांबलो असतो तर तुझ्याशी बोलून पुन्हा काहीतरी पळवाट काढली असती, आपल्या दोघांच्या युक्त्या काय असतात हे मला आता पुरेपूर कळलंय.

आता आज सकाळचं. फाटकाच्या आत खुर्ची मांडली होती, मागं पांढरं कापड, तिपाईवर काळा डबा. रांगेत माझ्यापुढं मूलचंद. तो फोटोसाठी तेल लावून भांग पाडून आला होता. हजेरीबाबू टेबलामागं बसून एकेक नाव पुकारत होता, माणूस हाजर म्हणत होता आणि खुर्चीत जाऊन बसत होता. माझे पाय अगदी त्या विहिरीच्या दोरापाशी झाले होते तसेच झाले. मनात म्हटलं, सुलेमान, या खेपेला पाटीत पाय ठेवायला तू नाहीस.

"सुलेमान बाबू पिंजारी."

मी गप्प राहिलो.

"सुलेमान बाबू पिंजारी." बाबूनं मान वर केली. सरळ माझ्याकडं बघितलं. "काय रे, झोपलास काय उभ्या उभ्या?"

मागून कुणीतरी हसलं. मूलचंद वळला आणि त्यानं माझा हात धरला, त्याला वाटलं मला चक्कर येतेय. येतच होती. तिसऱ्यांदा तुझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी रांगेतून पुढं झालो आणि टेबलाची कड घट्ट धरली.

"साहेब, सुलेमान मेला," मी म्हणालो. "अकरा दिवस झाले. चाकणला पुरलाय त्याला. मी दत्तू, निघोज्याचा."

मूलचंदनं माझा हात सोडला नव्हता. बाबूनं मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं, मग आज जमा करून घेतलेल्या कार्डांच्या पेटीतून तुझं जुनं कार्ड शोधून काढलं. ती शेवटची ओळ तो बोट ठेवून वाचताना मला दिसला. तो खुर्चीतून उठला, टेबलावरून वाकला आणि माझ्या डाव्या भुवईपाशी तोंड आणून त्यानं ती काळी रेघ बघितली. पुन्हा कार्ड बघितलं.

"तो मेला म्हणतोस," बाबू म्हणाला, "मग ही खूण कुणाची?"

माझा हात आपोआप भुवईकडं गेला. जळक्या कापसाचा वास आला, खरंच आला.

"त्याचीच," मी म्हणालो.